चर्चच्या छतावर तारे वाचणारे फादर सेक्की



१९ मे २०२३ रोजी जपानमधील कोइची इतागाकी या हौशी आकाशनिरीक्षकांना आपल्या दुर्बिणीने घेतलेल्या छायाचित्रात एक नवा ठिपका दिसला. सप्तर्षींच्या परिसरात एम १०१ नावाची एक मोठी दीर्घिका आहे. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच अब्जावधी ताऱ्यांचा दूरवरचा समूह. त्या दीर्घिकेच्या आधीच्या छायाचित्रांत हा ठिपका नव्हता. दीर्घिका तीच, तारे तेच, पण एका जागी नवा दिवा लागलेला. तो सुपरनोव्हा होता. मराठीत त्याला अतिनवतारा म्हणतात. नाव जरी नवतारा असले तरी हा ताऱ्याचा जन्म नव्हे, मृत्यू असतो. एखादा तारा स्फोट होऊन संपतो, तेव्हा काही आठवडे तो एकटाच कोट्यवधी सूर्यांइतका प्रकाश देतो. एम १०१ आपल्यापासून सुमारे २ कोटी १० लाख प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे तो प्रकाश तिथून निघाला तेव्हा पृथ्वीवर माणूस जन्मालाही आलेला नव्हता.

परंतु नवा तारा दिसला एवढ्याने काम संपत नाही. तो कोणत्या जातीचा हे ठरवावे लागते. त्याच दिवशी कॅनरी बेटांवरील एका दुर्बिणीने त्या ठिपक्याचा प्रकाश रंगांत पसरवून पाहिला. त्या रंगपट्टीत हायड्रोजनच्या खुणा सापडल्या आणि शास्त्रज्ञांनी निर्णय दिला की, हा दुसऱ्या प्रकारचा सुपरनोव्हा आहे. सूर्याहून कितीतरी जड असा एक तारा आपले आयुष्य संपवून कोसळला आहे. एका ठिपक्याच्या प्रकाशावरून इतके सारे कळले!

ताऱ्याकडे जाता येत नाही, त्याला हात लावता येत नाही, त्याचा तुकडा प्रयोगशाळेत आणता येत नाही. तरीही केवळ प्रकाशावरून त्याची जात ओळखायची, ही विद्या ज्यांनी रुजवली त्यांच्यात एका कॅथलिक धर्मगुरूचे नाव फार वरचे आहे. ते धर्मगुरू म्हणजे येशूसंघीय फादर आंजेलो सेक्की. विज्ञान आणि श्रद्धा यांचे जमत नाही असे आपल्या मुलांना शाळा-कॉलेजात अनेकदा ऐकावे लागते. म्हणून या रविवारी आम्ही फादर सेक्कींचे चरित्र आपल्यापुढे ठेवीत आहोत.

सुताराचा मुलगा

आंजेलो सेक्की यांचा जन्म जून १८१८ मध्ये उत्तर इटलीतील रेज्जो एमिलिया या गावी झाला. वडील सुतारकाम करीत. घर साधे होते. गावातल्या येशूसंघीय फादरांच्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले आणि तिथेच त्यांना देवाची हाक ऐकू आली. १८३३ साली, वयाच्या १५ व्या वर्षी, ते रोमला येऊन येशूसंघात दाखल झाले.

त्यांचे पुढचे शिक्षण रोमन कॉलेजात झाले. ही संस्था संत इग्नाती लोयोला यांनी १५५१ साली सुरू केली. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ साली जे कॅलेंडर लागू केले, आणि जे आज आपल्या भिंतीवर लटकते, त्याच्या गणितामागे याच कॉलेजातील फादर क्लाव्हियस होते. १५७२ साली शर्मिष्ठा तारकासमूहात एकाएकी एक तेजस्वी तारा उगवला होता. तो आपल्या हवेतला किंवा चंद्राजवळचा काही चमत्कार नसून दूरच्या ताऱ्यांच्याच प्रदेशातला आहे, असे मत क्लाव्हियस यांनीही मांडले होते. तोही सुपरनोव्हाच होता, हे पुढे कळले. आकाशाकडे पाहण्याची अशी जुनी परंपरा त्या कॉलेजाला होती. तरुण सेक्कींना गणित आणि पदार्थविज्ञान आवडू लागले यात नवल नाही. १८४१ पासून काही वर्षे त्यांनी लोरेतो येथे हे विषय शिकवले. पवित्र मरियेच्या घराची यात्रा भरते तेच हे लोरेतो. नंतर ते ईशज्ञानाच्या अभ्यासासाठी रोमला परतले आणि सप्टेंबर १८४७ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

हद्दपारीतून मिळालेले देणे

नवदीक्षित फादरांच्या वाट्याला लगेचच संकट आले. १८४८ साली रोममध्ये क्रांतीचे वारे वाहू लागले आणि येशूसंघीयांना शहर सोडावे लागले. फादर सेक्की प्रथम इंग्लंडमधील स्टोनीहर्स्ट येथे गेले आणि तेथून अटलांटिक महासागर ओलांडून अमेरिकेत वॉशिंग्टनजवळच्या जॉर्जटाउन येथे पोहोचले. त्यांच्याबरोबर रोमहून बाहेर पडलेले वेधशाळेचे प्रमुख फादर दे व्हिको त्याच वर्षी लंडनमध्ये वारले. घर गेले, देश गेला, गुरूही गेले.

पण जॉर्जटाउनला येशूसंघाची वेधशाळा होती. तिथे फादर सेक्कींनी शिकवले, वेध घेतले, परीक्षा दिली. अमेरिकेच्या नौदल वेधशाळेचे प्रमुख मॅथ्यू मॉरी यांच्याशी त्यांची ओळख झाली. मॉरी समुद्रातील प्रवाह आणि वारे यांचा अभ्यास करीत. हवामान आणि समुद्र यांची गोडी सेक्कींना लागली ती इथेच. हद्दपारीत घालवलेला काळ वाया गेला असे कुणालाही वाटले असते. प्रत्यक्षात परमेश्वराने त्याच काळात त्यांच्या पुढच्या आयुष्याची शिदोरी बांधून दिली.

परिस्थिती निवळल्यावर ते रोमला परतले आणि रोमन कॉलेजच्या वेधशाळेची जबाबदारी त्यांच्यावर आली. तेव्हा त्यांच्या वयाची ३२ वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

न बांधलेला घुमट

रोमन कॉलेजला लागूनच संत इग्नाती यांचे भव्य चर्च आहे. या चर्चवर मोठा घुमट बांधायचे मूळ नकाशात ठरले होते. त्याचा भार पेलण्यासाठी जाडजूड खांब उभारलेही होते. पण घुमट काही झाला नाही. शेवटी १६८५ साली येशूसंघीय ब्रदर आंद्रेया पोत्सो यांनी एका मोठ्या कापडावर घुमटाचे चित्र रंगवले आणि ते छताला बसवले. खाली ठरावीक जागी उभे राहून वर पाहिले तर खराच घुमट आहे असे वाटते. रोमला जाणारे यात्रेकरू आजही ते चित्र पाहतात.

फादर सेक्कींना जुन्या वेधशाळेच्या मनोऱ्यावर समाधान नव्हते. उंच मनोरा थोडासाही हलला की दुर्बिणीतला तारा नाचू लागतो. त्यांची नजर त्या जाडजूड खांबांवर गेली. घुमटाचा भार पेलण्यासाठी बांधलेले खांब दुर्बिणीचा भार तर सहज पेलतील! पोप नववे पायस यांनी या कामाला पाठिंबा दिला आणि १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला चर्चच्या छतावर नवी वेधशाळा उभी राहिली. तिच्यात जर्मनीतील मेर्त्स कारखान्याची सुमारे २४ सेंटीमीटर व्यासाची दुर्बीण बसवली गेली.

हे चित्र डोळ्यांसमोर आणा. खाली वेदीवर मिस्साबलिदान चालले आहे, भाविक गुडघे टेकून प्रार्थना करीत आहेत. त्याच छताखाली संत अलोयसियस गोन्झागा यांच्या पवित्र अवशेषांची वेदी आहे. आणि त्याच छतावर रात्री एक धर्मगुरू दुर्बिणीला डोळा लावून बसले आहेत. एकाच इमारतीत उपासना आणि अभ्यास. कुणालाही ते विसंगत वाटले नाही.

ताऱ्यांच्या जाती

त्या काळी तारे नेमके कशाचे बनले आहेत हे कुणालाच माहीत नव्हते. ऑग्यूस्त काँत या नामांकित फ्रेंच विचारवंताने १८३५ साली असे मत मांडले होते की, ताऱ्यांची रासायनिक घडण माणसाला कधीही कळू शकणार नाही. तेव्हा ते कुणाला खोटे वाटले नसते.

परंतु १८६० च्या सुमारास किर्खहोफ आणि बुन्सेन या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी एक किल्ली शोधून काढली. काचेच्या लोलकातून सूर्यप्रकाश गेला की तो सात रंगांत पसरतो हे आपल्याला ठाऊक आहे. त्या रंगपट्टीला वर्णपट म्हणतात. नीट पाहिले तर त्या वर्णपटात बारीक काळ्या रेषा दिसतात. त्यांनी दाखवून दिले की प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात. सोडियमच्या वेगळ्या, लोखंडाच्या वेगळ्या, हायड्रोजनच्या वेगळ्या. जणू प्रत्येकाची सहीच.

१८६३ च्या सुमारास फादर सेक्कींनी ही किल्ली ताऱ्यांना लावली. लंडनमध्ये हगिन्स आणि न्यूयॉर्कमध्ये रदरफर्ड हेही त्याच सुमारास या कामाला लागले होते. हगिन्स यांनी थोडे तारे घेऊन ते बारकाईने तपासले. फादर सेक्कींनी दुसरी वाट धरली. त्यांनी आकाशातील जमतील तितके तारे पाहायचे ठरवले. एक तारा, मग दुसरा, मग तिसरा. तेव्हा ताऱ्यांच्या वर्णपटाचे छायाचित्र घेण्याची सोय नव्हती. अंधारात बसून, डोळ्याने पाहून, हाताने टिपून ठेवायचे. असे करीत त्यांनी ४,००० हून अधिक ताऱ्यांचे वर्णपट तपासले.

इतके तारे पाहिल्यावर त्यांना दिसले की आकाशात गोंधळ नाही. हजारो तारे, पण त्यांचे प्रकार अगदी मोजके. पहिल्या वर्गात पांढरे-निळसर तारे, जसे व्याध आणि अभिजित. त्यांच्यात हायड्रोजनच्या रेषा ठळक. दुसऱ्या वर्गात पिवळे तारे, जसे ब्रह्महृदय, स्वाती आणि आपला सूर्य. त्यांच्यात धातूंच्या असंख्य बारीक रेषा. तिसऱ्या वर्गात तांबूस तारे, जसे मृग नक्षत्रातील काक्षी आणि वृश्चिकातील ज्येष्ठा. त्यांच्यात रुंद पट्टे. हे तीन वर्ग त्यांनी १८६६-६७ च्या सुमारास मांडले. १८६८ साली त्यांनी चौथा वर्ग जोडला, गडद लाल ताऱ्यांचा, ज्यांत कार्बनच्या खुणा असतात. शर्मिष्ठेतील एका ताऱ्याच्या वर्णपटात त्यांना १८६६ सालीच काळ्याऐवजी चमकदार रेषा दिसल्या होत्या. अशा ताऱ्यांसाठी पुढे पाचवा वर्ग झाला.

आपला सूर्य दुसऱ्या वर्गातला एक तारा आहे, ही गोष्ट आज शाळेतली मुले सहज सांगतात. पण सूर्य आणि तारे एकाच कुटुंबातले आहेत हे प्रकाशाच्या पुराव्याने दाखवणाऱ्यांत फादर सेक्की अगदी पुढे होते. पुढे अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेने याच पायावर मोठे काम केले. १९१८ ते १९२४ या काळात तिथून २,२५,००० हून अधिक ताऱ्यांच्या वर्गवारीची सूची प्रसिद्ध झाली. फादर सेक्कींचे वर्ग मागे पडले, नवी अक्षरे आली, पण वर्णपटावरून ताऱ्यांचे गट पाडायचे ही रीत तीच राहिली.

सूर्यग्रहणे आणि आपला देश

सूर्यही त्यांच्या आवडीचा विषय होता. १८ जुलै १८६० च्या खग्रास ग्रहणासाठी ते स्पेनला गेले. ग्रहणात चंद्राच्या काळ्या कडेभोवती तांबड्या ज्वाळा दिसतात. त्या चंद्राच्या की सूर्याच्या, असा वाद होता. फादर सेक्कींनी एका ठिकाणाहून आणि इंग्रज शास्त्रज्ञ दे ला रू यांनी दुसऱ्या ठिकाणाहून छायाचित्रे घेतली. ती ताडून पाहता ज्वाळा सूर्याच्याच आहेत हे सिद्ध झाले.

१८ ऑगस्ट १८६८ रोजी आपल्या देशात खग्रास सूर्यग्रहण झाले. चंद्राची सावली पश्चिम किनाऱ्यावरून विजापूरच्या बाजूने आंध्रच्या किनाऱ्याकडे गेली. गुंटूर येथे आलेले फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांच्या लक्षात आले की, वर्णपटदर्शक वापरला तर या ज्वाळा ग्रहण नसतानाही पाहता येतील. ही युक्ती कळल्यावर फादर सेक्कींनी रोममधून सूर्याच्या कडेचे नित्य वेध सुरू केले.

आणखी एक धागा आपल्या देशापर्यंत येतो. ९ डिसेंबर १८७४ रोजी शुक्र ग्रह सूर्यबिंबावरून सरकला, तेव्हा ते पाहण्यासाठी इटलीहून एक पथक बंगालमध्ये आले. त्याचे प्रमुख ताक्किनी हे फादर सेक्कींचे जवळचे सहकारी होते. कोलकात्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजचे येशूसंघीय फादर लाफों त्या पथकाला जाऊन मिळाले. पुढे त्यांच्या कॉलेजातही सूर्याच्या अभ्यासासाठी वेधशाळा उभी राहिली. थोर शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बोस हे याच फादर लाफों यांचे विद्यार्थी.

पांढरी तबकडी

फादर सेक्कींची दृष्टी फक्त वर नव्हती. एप्रिल १८६५ मध्ये पोपमहाशयांच्या नौदलाच्या एका जहाजावरून त्यांनी भूमध्य समुद्रात एक साधा प्रयोग केला. निष्कलंक गर्भसंभवाचे नाव धारण करणारे ते जहाज होते. दोरीला बांधलेली पांढरी तबकडी पाण्यात सोडायची आणि ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते मोजायचे. जितकी खोल दिसेल तितके पाणी स्वच्छ. बस, इतकेच! पण ही युक्ती इतकी सोपी आणि भरवशाची ठरली की समुद्र आणि तलाव यांचा अभ्यास करणारे आजही ती वापरतात. तिचे नावच सेक्की तबकडी असे पडले आहे.

वारा, पाऊस, तापमान, हवेचा दाब यांची आपोआप नोंद करणारे एक यंत्रही त्यांनी तयार केले. १८६७ च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात ते गाजले आणि त्याला सुवर्णपदक मिळाले. सुताराच्या मुलाचे हात कामाला सरावलेले होते, हेच खरे.

कसोटीचा काळ

आता आम्ही त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण भागाकडे येतो.

२० सप्टेंबर १८७० रोजी इटलीच्या राजाचे सैन्य रोममध्ये शिरले. शतकानुशतके चाललेले पोपमहाशयांचे राज्य संपले आणि पोप नववे पायस व्हॅटिकनच्या भिंतींआड राहू लागले. रोमन कॉलेजच्या इमारतीत सरकारी शाळा आली, पुढे राष्ट्रीय ग्रंथालय आले. १८७३ साली रोममधील धर्मसंघांची मालमत्ता ताब्यात घेणारा कायदा झाला. येशूसंघीयांना आपली घरे सोडावी लागली.

फादर सेक्की त्या वेळी युरोपभर नावाजलेले होते. नव्या सरकारला हा माणूस हवा होता, पण त्यांचा येशूसंघ नको होता. त्यांना विद्यापीठात प्राध्यापकपद देऊ करण्यात आले. मान, पगार, साधने, सारे मिळाले असते. मोबदल्यात पोपमहाशयांशी आणि आपल्या संघाशी असलेली निष्ठा थोडी सैल करायची होती. फादर सेक्कींनी ते पद घेतले नाही.

मात्र त्यांनी विज्ञानाकडेही पाठ फिरवली नाही. रोम पडून तीन महिनेच झाले होते. २२ डिसेंबर १८७० रोजी सिसिलीत खग्रास ग्रहण होते. इटलीच्या शास्त्रज्ञांच्या पथकाबरोबर फादर सेक्की तिथे गेले. ज्या राज्याने आपले कॉलेज घेतले त्याच राज्याच्या शास्त्रज्ञांबरोबर त्यांनी काम केले. हे काही कडव्या कॅथलिकांना रुचले नाही. तर दुसऱ्या बाजूला, इतका मोठा शास्त्रज्ञ अजून पोपना धरून कसा, असे अनेकांना वाटत होते. दोन्हीकडून बोल सोसणे सोपे नसते. घरात मतभेद झाले की मधल्या माणसाची काय अवस्था होते हे आपण जाणतो.

१८७१ साली त्यांनी ताक्किनी यांच्याबरोबर इटलीतील वर्णपट-अभ्यासकांची एक संस्था स्थापन केली. सूर्य आणि तारे यांच्या घडणीचा अभ्यास करणारी ही जगातील पहिली संस्था मानली जाते. ताक्किनी राजाच्या सरकारी वेधशाळेत, सेक्की पोपनिष्ठ येशूसंघीय. राजकारणाने त्यांच्यामध्ये भिंत उभी केली होती, पण सूर्य दोघांचा एकच होता.

त्यांची कीर्ती इतकी होती की सरकारने त्यांना चर्चच्या छतावरील वेधशाळेतून हलवले नाही. खाली सगळे बदलले, वर ते आपल्या दुर्बिणीपाशी राहिले. १८७७ साली ताऱ्यांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तोवर पोटाच्या कर्करोगाने त्यांना गाठले होते. १८७८ सालच्या ९ जानेवारीला इटलीचे राजे दुसरे व्हिक्टर इमॅन्युएल वारले. ७ फेब्रुवारीला पोप नववे पायस देवाघरी गेले. आणि २६ फेब्रुवारीला वयाच्या ५९ व्या वर्षी फादर सेक्कींनीही या जगाचा निरोप घेतला. पुढच्याच वर्षी सरकारने ती वेधशाळा ताब्यात घेतली.

वरवर पाहता सगळे हरले होते. कॉलेज गेले, वेधशाळा गेली. पण १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी व्हॅटिकन वेधशाळा नव्याने स्थापन केली. ख्रिस्तसभा खऱ्या विज्ञानाच्या आड येत नाही हे जगाला दिसावे हा त्यांचा हेतू होता. ती वेधशाळा आजही येशूसंघीयांच्या हाती आहे. २०२५ साली पोप लिओ चौदावे यांनी तिच्या संचालकपदी गोव्याचे येशूसंघीय फादर रिचर्ड डिसोझा यांची नेमणूक केली. दीर्घिका कशा घडतात हाच त्यांच्या संशोधनाचा विषय आहे. आपल्या शेजारच्या प्रांतातील एक फादर त्या परंपरेचे धनी झाले, याचा आपल्याला आनंद वाटायला हवा.

सुपरनोव्हापर्यंत

फादर सेक्कींच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, ऑगस्ट १८८५ मध्ये, देवयानी तारकासमूहातील दीर्घिकेत एक नवा तारा दिसला. आपल्या आकाशगंगेबाहेर माणसाने पाहिलेला तो पहिला सुपरनोव्हा. पण तेव्हा त्याचे खरे स्वरूप कुणालाही उमगले नाही. ती दीर्घिका किती दूर आहे हेच माहीत नव्हते. १९३४ साली बाडे आणि झ्विकी यांनी अशा महास्फोटांची कल्पना स्पष्टपणे मांडली. १९३६ पासून झ्विकी यांनी अमेरिकेतील पालोमार डोंगरावरून दीर्घिकांची पुन्हा पुन्हा छायाचित्रे घेऊन सुपरनोव्हा शोधण्याचा सपाटा लावला. जुने छायाचित्र आणि नवे छायाचित्र शेजारी ठेवायचे आणि नवा ठिपका शोधायचा. जपानच्या इतागाकींनी २०२३ साली केले ते मुळात हेच.

मग प्रश्न आला वर्गवारीचा. १९४१ साली मिंकोव्स्की यांनी सुपरनोव्हांचे वर्णपट पाहून दोन प्रकार केले. ज्यात हायड्रोजनच्या खुणा नाहीत तो पहिला, ज्यात आहेत तो दुसरा. दुसऱ्या प्रकारात एखादा जड तारा कोसळतो, तेव्हा त्याच्याभोवती हायड्रोजनचे आवरण शिल्लक असते, म्हणून खुणा दिसतात. पहिल्या प्रकारात बहुतेक वेळा श्वेतबटू नावाचा लहान, मृतप्राय तारा फुटतो. त्याच्याजवळचा हायड्रोजन आधीच संपलेला असतो. चर्चच्या छतावर बसून फादर सेक्कींनी व्याधाच्या वर्णपटात ज्या हायड्रोजनच्या रेषा टिपल्या, त्याच हायड्रोजनच्या खुणांवरून आज कोट्यवधी प्रकाशवर्षे दूरच्या स्फोटाची जात ठरते.

या स्फोटांचे आपल्याला काय, असे कुणी विचारील. आपल्या रक्तातील लोह आणि हाडांतील कॅल्शियम हे ताऱ्यांमध्ये आणि अशा स्फोटांमध्ये तयार झाले आहे, असे विज्ञान सांगते. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावताना आपण धूळ आहोत याची आठवण फादर आपल्याला करून देतात. त्या धुळीमागे ताऱ्यांचे मरण आहे, हे कळल्यावर ती आठवण अधिकच खोल जाते. निर्मात्याने एका मुठीभर मातीसाठी केवढी तयारी केली!

आपल्यासाठी

फादर सेक्कींनी कोणता मोठा चमत्कार केला नाही. त्यांना संतपदही मिळालेले नाही. त्यांनी एकेक तारा पाहिला आणि जे दिसले ते प्रामाणिकपणे लिहून ठेवले. बायबलमधून त्यांनी ताऱ्यांचे रसायन काढायचा प्रयत्न केला नाही आणि दुर्बिणीतून देव दिसावा असा हट्टही धरला नाही. ज्याने तारे निर्माण केले त्याचीच ते रोज उपासना करीत होते. मग ताऱ्यांविषयीचे सत्य त्याच्या विरोधात कसे जाईल, हा त्यांचा साधा विश्वास होता. आणि जेव्हा मानाचे पद आणि निष्ठा यांत निवड करायची वेळ आली, तेव्हा त्यांनी निष्ठा निवडली. पण कुणाचा द्वेष केला नाही आणि हातातले काम टाकले नाही.

आपल्या धर्मग्रामातील विज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींना आमचे सांगणे आहे की, अभ्यास करताना श्रद्धा दाराबाहेर ठेवावी लागत नाही. प्रश्न विचारायला घाबरू नका. आणि पालकांना विनंती आहे की, मुलांनी आकाशाविषयी काही विचारले तर त्यांना गप्प बसवू नका. उत्तर ठाऊक नसेल तर त्यांच्याबरोबर शोधा.

डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळची प्रार्थना झाल्यावर अंगणात या आणि पूर्वेकडे पाहा. मृग नक्षत्रात एका कोपऱ्यावर तांबूस तारा दिसेल. तो काक्षी. फादर सेक्कींनी त्याला आपल्या तिसऱ्या वर्गात घातले होते. २०१९ च्या अखेरीस आणि २०२० च्या सुरुवातीला तो एकाएकी बराच मंद झाला, तेव्हा आता हा फुटतो की काय, अशी चर्चा झाली. तो स्फोट झाला नाही. धुळीच्या ढगामुळे तो मंद झाला होता. पण येत्या लाखभर वर्षांत केव्हातरी तोही सुपरनोव्हा होणार आणि दिवसाउजेडी दिसणार, असे शास्त्रज्ञ मानतात. तो पाहायला आपण नसू. तरीही मुलांना तो तारा दाखवा आणि चर्चच्या छतावर बसून तो वाचणाऱ्या फादरांची गोष्ट सांगा.

आकाश आणि पृथ्वी यांचा निर्माता परमेश्वर आपल्याला स्वच्छ दृष्टी, चिकाटी आणि कसोटीच्या वेळी निष्ठा देवो, हीच प्रार्थना.